वनहक्क दाव्यांची नोंदवही आणि न तपासलेले निर्बंध

संबंधाधारित डेटाबेसमध्ये, म्हणजे ओळी आणि स्तंभ असलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या व्यवस्थेत, चुकीची नोंद दारातच अडवणारे दोन निर्बंध इथे महत्त्वाचे आहेत. ‘चेक’ निर्बंध ओळीतील मूल्य ठरलेल्या अटीत बसते की नाही हे पाहतो, तर ‘युनिक’ निर्बंध तेच मूल्य किंवा तोच मूल्यसमूह तक्त्यात दुसऱ्यांदा येऊ देत नाही. निर्बंध लिहिलेला असणे आणि तो लागू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीतील वनहक्क दाव्यांच्या बाबतीत हा फरक दुर्लक्षित राहिला, तर त्याची किंमत नोंदवही बनवणारा मोजत नाही, ज्या कुटुंबाची नोंद चुकली ते कुटुंब मोजते.

वनहक्क अधिनियम, २००६ हा कायदाच अशा नोंदवहीला नेमके निर्बंध पुरवतो. वैयक्तिक हक्कात कसत असलेल्या वनजमिनीचे क्षेत्र कोणत्याही परिस्थितीत ४ हेक्टरपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असावा लागतो. सामूहिक हक्काला मात्र ही क्षेत्रमर्यादा नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक हक्क १८०९.६१ हेक्टरांचा आहे. म्हणून क्षेत्राची अट ‘दावा वैयक्तिक नसावा, किंवा क्षेत्र ४ हेक्टरपर्यंत असावे’ अशी लिहावी लागते, आणि मेंढ्याची खरी नोंद स्वीकारली जाते हेही चाचणीतच सिद्ध व्हावे लागते.

ज्या कामाच्या अनुभवावरून हे विवेचन केले जात आहे, त्या ग्रामसभांच्या नोंदवहीत ही अट पुरवठादार संस्थेने शब्दशः लिहिलेली होती आणि सोबतच्या तपासणी अहवालात प्रत्येक चाचणी यशस्वी दाखवलेली होती. त्या साऱ्या चाचण्या योग्य नोंदींच्या होत्या. एका दाव्यात ८० आर क्षेत्र हेक्टरच्या रकान्यात ‘८०’ असे गेले, म्हणजे पाऊण हेक्टरहून थोडी अधिक असलेली जमीन ऐंशी हेक्टर झाली, आणि तक्त्याने ती ओळ निमूटपणे स्वीकारली. चाचणीच्या प्रतीत मुद्दाम ४०० हेक्टरांची वैयक्तिक नोंद टाकून पाहिली तेव्हा तीही स्वीकारली गेली, ना त्रुटी ना इशारा. अहवालातील ‘यशस्वी’ या शेऱ्याला काहीच आधार नव्हता हे त्या क्षणी स्पष्ट झाले.

कारण सोपे होते आणि ते पुरवठादाराला ठाऊक असायलाच हवे होते. नोंदवही मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या ५.७ आवृत्तीवर चालत होती, आणि एप्रिल २०१९ मधील ८.०.१६ आवृत्तीपूर्वी मायएसक्यूएल ‘चेक’ ही अट वाचून सोडून देत असे. ती तक्त्याच्या व्याख्येत साठवलीही जात नसे. यावर संस्थेचे पहिले उत्तर असे होते की, फॉर्म अशी नोंद घेतच नाही. वास्तविक निम्म्याहून अधिक गावांच्या नोंदी एक्सेल फायलींतून थेट तक्त्यात चढवल्या जात होत्या आणि ती सोय याच संस्थेने दिलेली होती. दुसरे उत्तर असे होते की, नोंदी भरणाऱ्या गावच्या मुलांना प्रशिक्षण नाही. हे बोलणे अन्यायाचे होते, कारण दाव्याच्या कागदावर आर लिहिलेले असताना त्या मुलांनी कागदाप्रमाणेच आकडा भरला होता आणि तो अडवण्याचे काम ज्याच्या नावे बिल निघाले होते, त्या निर्बंधाचे होते. नंतर आवृत्ती बदलण्याचा खर्च वेगळा मागण्यात आला, आणि ती बदलली म्हणजे अट आपोआप लागू होईल असेही सांगण्यात आले, जे खरे नाही. जी अट साठवलीच गेली नव्हती ती नव्याने जोडावी लागते, आणि जुन्या चुकीच्या ओळी दुरुस्त होईपर्यंत ती जोडली जात नाही.

अट लागू झाल्यावरही ‘नल’चा, म्हणजे मूल्य अज्ञात असल्याच्या खुणेचा, प्रश्न उरतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत अटीचे उत्तर खरे, खोटे किंवा अज्ञात असू शकते, आणि ‘चेक’ निर्बंध केवळ खोट्या उत्तरावर नोंद नाकारतो. दाव्याचा प्रकार नल असेल तर वरील अट ८० हेक्टरांनाही अज्ञात ठरवते आणि ओळ आत जाते, म्हणून प्रकार आणि क्षेत्र या दोन्ही रकान्यांना ‘नॉट नल’, म्हणजे मूल्य अज्ञात न ठेवण्याची अट, लावणे आवश्यक आहे. युनिक निर्बंधातही, ग्रामसभा आणि दावा क्रमांक यांची जोडी अनन्य ठेवली असता, क्रमांक न पडलेले दावे मायएसक्यूएल व पोस्टग्रेस या प्रणालींमध्ये एकमेकांपासून वेगळे मानले जातात आणि एकच कुटुंब दोनदा नोंदले जाऊ शकते. ऑरेकल या प्रणालीत याउलट ग्रामसभा तीच असल्याने दुसरी ओळ नाकारली जाते. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपासून नल समान मानण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते.

चाचणी लिहिताना प्रत्येक नोंदीत एकच नियम मोडावा आणि नकार त्याच निर्बंधाच्या नावाने आला का हे पाहावे, अन्यथा दुसऱ्याच कारणाने आलेला नकार यश म्हणून मोजला जातो. सीमेवरची मूल्ये सोडू नयेत: ४.०० स्वीकारले जावे, ४.०१ नाकारले जावे, १२ डिसेंबर २००५ चालावी आणि १३ चालू नये. रकाना दोन दशांश स्थळांचा असेल तर ४.००४ हे मूल्य आधी ४.०० होते आणि मग तपासले जाते, हेही लक्षात ठेवावे.

नावांवर अनन्यता बेतणे या भागात धोक्याचे आहे. गट्टा हे गाव धानोरा तालुक्यातही आहे आणि एटापल्लीतही, त्यामुळे केवळ गावाच्या नावावर लावलेला निर्बंध खऱ्या गावाला बाहेर ठेवतो. त्याऐवजी जनगणनेचा ग्राम संकेतांक वापरावा. वऱ्हाडे हे आडनाव दोन रीतींनी टंकित होते, एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही आणि युनिक निर्बंध दोघांनाही आत घेऊ शकतो. ही जोडी चाचणीत असलीच पाहिजे.

शेवटच्या हप्त्याचे पैसे देण्यापूर्वी वर सांगितलेल्या, नाकारल्या गेल्याच पाहिजेत अशा चाचणी-नोंदींची फाईल ग्रामसभेच्या माणसांसमोर, प्रत्यक्ष वापरात असलेल्या आवृत्तीवर चालवून घ्यावी, तसा उल्लेख करारात असावा, आणि ती फाईल पुरवठादाराकडे न ठेवता ग्रामसभेच्या ताब्यात ठेवावी, म्हणजे सर्व्हर किंवा आवृत्ती बदलली की ती पुन्हा चालवता येईल.