भाताच्या वाणांची अवर्षणपरीक्षा

तंजावूरच्या शिवारात गहू पिकत नाही. त्याला लागणारी थंडीच तेथे पडत नाही. तेथील पीक भाताचे, आणि त्याची सारी भिस्त कावेरीवर. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून हा होय. त्या पाण्यावर कुरुवै हे अल्प मुदतीचे पीक घेतात; दीर्घ मुदतीच्या सांबा पिकाला पुढे ईशान्य मोसमी पावसाचा आधार लागतो. धरणाचे पाणी लांबले की रोपांवर संकट येते, पाऊस फसला की फुलोऱ्यावर. २०१६ साली दोन्ही संकटे एकाच हंगामात ओढवली, आणि जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडू सरकारला राज्य अवर्षणग्रस्त जाहीर करावे लागले.

अशा वेळी तग धरणारा वाण ओळखावयाचा कसा? जिल्ह्यातील आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. १९६५ मध्ये तेथून प्रसारित झालेला एडीटी-२७ हा वाण भरपूर पाणी व खत यांच्या भरवशावर नावाजला. अवर्षणाची कसोटी मात्र निराळी असते.

दुपारच्या उन्हात पान किती गुंडाळले जाते, हे पाहून ० ते ९ असे गुण देण्याची पद्धत आहे. ती सोपी खरी, पण पुरेशी नव्हे. भाताचे खरे मर्मस्थान फुलोरा हे आहे. त्या आठवड्यात ओल तुटली तर लोंबी पोग्यातून पुरती बाहेर पडत नाही, पराग निकामी होतात आणि दाणे पोचट राहतात. पाने हिरवी दिसत असतानाही हे घडू शकते. शिवाय लवकर फुलणारा वाण ओल तुटण्यापूर्वीच मोकळा होतो. ती सहिष्णुता नव्हे, सुटका होय! म्हणून निरनिराळ्या मुदतींचे वाण पुढेमागे पेरून सर्वांचा फुलोरा एकाच वेळी कोरड्या काळात आणावा लागतो.

उत्पन्नातील घट मोजण्यासाठी फिशर व मॉरर यांनी १९७८ मध्ये, मेक्सिकोतील गव्हाच्या प्रयोगांवरून, एक निर्देशांक सुचविला. तो भातासही लावतात. पण त्यात एक फसगत आहे. समजा, एक वाण पाण्यावर हेक्टरी ६० क्विंटल आणि कोरड्यात २४ क्विंटल देतो. दुसरा अनुक्रमे ४० आणि २२. पहिल्याची घट ६० टक्के, दुसऱ्याची ४५. निर्देशांक दुसऱ्याला उजवा ठरवील, परंतु दुष्काळातही शेतकऱ्याच्या कणगीत जास्त भात पहिलाच टाकील. यासाठी दोन्ही वाफ्यांतील प्रत्यक्ष उत्पन्न शेजारीशेजारी मांडणेच योग्य.

कावेरीच्या खोऱ्यात कोरडा वाफा कोरडा ठेवणे हेच मोठे कष्टाचे काम. शेजारच्या वाफ्यातून पाणी पाझरत येते. म्हणून मध्ये खोल चर खणावा लागतो आणि प्रयोग शक्यतो उन्हाळ्यात घ्यावा लागतो. तेवढ्यात एखादी वळवाची सर आली, तर त्या वर्षीचे आकडे बाजूला ठेवून पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा पेरणी करावी लागते.