प्रेम आणि काळ : तीन चित्रपटांचा अभ्यास

काव्यनाटकांतील प्रेमाचें वर्णन बहुधा विवाहापाशीं येऊन थांबतें. नायक-नायिकांची गांठ पडते, विघ्नें येतात, तीं दूर होतात, आणि पुढें उभयतां सुखानें नांदलीं असें सांगून लेखक लेखणी खालीं ठेवतो. नंतरच्या वीस वर्षांत त्या दोघांचें काय झालें, हें विचारण्याची सोय वाचकास नसते. या रूढीस अपवाद थोडे. शाकुंतलांत कालिदासानें दुष्यंत-शकुंतलेच्या वियोगांत कित्येक वर्षें जाऊं दिलीं आहेत. राजास पत्नी पुन्हां भेटते तेव्हां त्याचा मुलगा सिंहाच्या छाव्याशीं खेळण्याइतका मोठा झालेला असतो. पवित्र शास्त्रांत याकोबानें राहेलीसाठीं लाबानाच्या घरीं सात वर्षें चाकरी केली. परंतु त्या सात वर्षांत राहेलीस काय वाटत होतें, याविषयीं तेथें एक अक्षर नाहीं.

अमेरिकन दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर यांनीं ही उणीव निराळ्याच रीतीनें भरून काढली आहे. त्यांचा 'बिफोर सनराइज', म्हणजे 'सूर्योदयापूर्वीं', हा चित्रपट १९९५ सालीं निघाला; 'बिफोर सनसेट' २००४ सालीं, व 'बिफोर मिडनाइट' २०१३ सालीं. तिहींत पात्रें तींच, जेसी हा अमेरिकन तरुण व सेलीन ही फ्रेंच तरुणी. नटही तेच, ईथन हॉक व ज्यूली डेल्पी. दोन चित्रपटांच्या मध्यें जितकीं वर्षें लोटलीं, जवळजवळ तितकींच कथेंतही लोटलीं. एरव्हीं नटाच्या केसांस पांढरा रंग फांसून जें दाखवावें लागतें, तें येथें प्रत्यक्ष काळानेंच करून दिलें. पहिली पटकथा लिंकलेटर व किम क्रिझन यांची आहे. पुढील दोहोंच्या लेखनांत दोन्ही नट सहभागी झाले, व त्या दोन्ही पटकथांस ऑस्कर पारितोषिकासाठीं नामनिर्देश मिळाला. (हे चित्रपट प्रौढांसाठीं आहेत, आणि तिसऱ्यांतील कांहीं भाग तर केवळ त्यांच्यासाठींच, आमच्या लहान वाचकांनीं घाई करूं नये.)

पहिल्याची कथा थोडक्यांत सांगतां येईल. बुडापेस्टहून आलेल्या आगगाडींत एक जोडपें जर्मन भाषेंत कडाक्यानें भांडूं लागतें. त्या कलकलाटास कंटाळून सेलीन जागा बदलते व जेसीच्या जवळ येऊन बसते. व्हिएन्ना येतांच तो तिला उतरण्याची गळ घालतो, आणि दोघें पहाटेपर्यंत तें शहर हिंडतात. गळ घालतांना त्यानें केलेला युक्तिवाद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आणखी दहा-वीस वर्षांनीं तुझा संसार नीरस झालेला असेल, आणि पूर्वीं भेटलेल्या एखाद्या पुरुषाला वरलें असतें तर काय झालें असतें, असा विचार तुझ्या मनांत येईल; त्या पुरुषांपैकींच मी एक आहें असें समज व आतांच पाहून घे, म्हणजे पुढें हळहळ उरणार नाहीं! तरुणाचें हें चातुर्य आपणांस हंसवितें. परंतु त्या भांडणाऱ्या जोडप्याच्या रूपानें दिग्दर्शकानें या दोघांचें भविष्य तेथेंच मांडून ठेविलें आहे, हें प्रथमदर्शनीं सहसा लक्षांत येत नाहीं.

याच चित्रपटांत अनामिकांच्या स्मशानभूमीचा प्रसंग आहे. डॅन्यूब नदीनें कांठीं आणून टाकलेलीं, ओळख न पटलेलीं प्रेतें तेथें पुरलीं आहेत. सेलीन तेरा वर्षांची असतां येथें येऊन गेली होती, व तेरा वर्षांच्याच एका मुलीचें थडगें तिनें पाहिलें होतें. आतां सेलीन दहा वर्षांनीं मोठी झाली. ती मुलगी मात्र तेवढीच राहिली. आमच्या मतें तिन्ही चित्रपटांची किल्ली या लहानशा प्रसंगांत आहे. जेसी व सेलीन यांची व्हिएन्नांतील रात्रही पुढें नऊ वर्षें अशीच, न वाढतां, पडून राहते.

निरोप घेतांना दोघें पत्ते घेत नाहींत. सहा महिन्यांनीं त्याच स्थानकावर भेटण्याचें ठरवितात. भेट झाली कीं नाहीं, याचें उत्तर प्रेक्षकांस दुसऱ्या चित्रपटांत मिळालें. जेसी गेला होता; सेलीन गेली नाहीं, कारण नेमका त्याच दिवशीं तिच्या आजीचा अंत्यविधि होता. आतां जेसीनें त्या रात्रीवर कादंबरी लिहिली आहे, व पॅरिस येथील 'शेक्सपिअर अँड कंपनी' या पुस्तकांच्या दुकानांत तो वाचकांपुढें बोलत असतां सेलीन तेथें येते. सायंकाळीं त्याचें विमान आहे. चित्रपट सुमारें ऐंशी मिनिटांचा, आणि कथेंतला वेळही जवळजवळ तेवढाच.

आम्हांस तिहींत हा श्रेष्ठ वाटतो. त्यानें लग्न केलें आहे, त्यास एक मुलगा आहे. ती पर्यावरणरक्षणाचें काम करते. आपलें बरें चाललें आहे असें दोघेंही दाखवितात. सेन नदीवरील नौकेंतून उतरून मोटारींत बसेपर्यंत हा मुखवटा कसाबसा टिकतो. मग सेलीनचा संयम एकाएकीं सुटतो. त्याचें पुस्तक वाचून, आपण पूर्वीं किती आशेनें भरलेल्या होतों हें तिला आठवलें, व तेंच असह्य झालें. येथें दुःख केवळ प्रियकर गमावल्याचें नाहीं. आपण जी होतों ती उरलों नाहीं, याचें तें आहे. प्रेमकथांत हें दुःख क्वचितच आढळतें. पहिल्या चित्रपटांत ट्राममध्यें तिच्या चेहऱ्यावरील बट सारण्यासाठीं जेसीचा हात पुढें होऊन मागें फिरतो. येथें मोटारींत तो दुसरीकडे पाहत असतां तिचा हात त्याच्या मस्तकाकडे जाऊन तसाच परततो. हात बदलला, संकोच तोच.

'बिफोर मिडनाइट'मध्यें दोघें चाळिशी ओलांडलेलीं, जुळ्या मुलींसह ग्रीसमध्यें सुट्टीस आलेलीं आहेत. प्रारंभीं जेसी पहिल्या विवाहाच्या मुलास विमानतळावर पोंचवितो. मुलाचे वाढीचे दिवस आपल्यावांचून चालले आहेत, हें शल्य त्याला बोचतें. आणि अमेरिकेस जाण्याची गोष्ट निघतांच आपलें काम, आपलें आयुष्य हातचें जाईल असें भय सेलीनला वाटतें. रात्रीं हॉटेलांत भांडण पेटतें. खरी बाजू कोणाची, हें ठरवूं पाहणाऱ्या प्रेक्षकाची पंचाईत होते. आम्हीं दोनदां प्रयत्न केला व सोडून दिला. आगगाडींतलें तें जोडपें आतां हेंच झालें आहे!

ती खोली सोडून जाते. समुद्रकांठच्या टेबलाशीं जेसी तिला गांठतो, आणि वृद्ध झालेल्या सेलीननें लिहिलेलें पत्र आपण कालयंत्रांतून आणलें आहे असें सोंग करून वाचून दाखवितो. तरुणपणीं आगगाडींत चालविलेलीच ही युक्ति. परंतु तेव्हां एका अनोळखी मुलीचें मन वळवावयाचें होतें, आणि आतां पूर्ण ओळखीच्या स्त्रीला राखावयाचें आहे. दुसरें काम अधिक कठीण. सेलीन लवकर विरघळत नाहीं; बऱ्याच वेळानें ती त्या खेळांत सामील होते, आणि दोघांस तसेंच बसलेलें ठेवून कॅमेरा मागें सरकतो.

अभ्यासूंनीं आणखी एक गोष्ट ताडून पाहावी. पहिल्या चित्रपटाच्या शेवटीं, रात्रीं दोघें जेथें जेथें हिंडलीं तीं स्थळें सकाळच्या उजेडांत ओस पडलेलीं दाखविलीं आहेत. दुसऱ्याच्या आरंभीं, दोघें जेथें जाणार आहेत तीं पॅरिसमधील स्थळें त्यांच्यावांचून दाखविलीं आहेत. २०२२ सालीं नऊ वर्षांचा आणखी एक फेरा पुरा झाला. चौथा चित्रपट त्या सालीं निघाला नाहीं.