अंधारात उगवलेले रोप

वनस्पती कशा वाढतात हे लहान मुलांना शिकविताना मोठी माणसे बहुधा उत्तरापासूनच आरंभ करतात. बी पेरावे, पाणी घालावे, ऊन मिळू द्यावे, म्हणजे रोप वाढते, हे पाच वर्षांचे मूल घडाघडा म्हणून दाखविते. परंतु त्याने रोप लक्षपूर्वक पाहिलेले असतेच असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी मुलांच्या परिसरातील पाने, बिया, खडे, शिंपले हीच शिक्षणाची साधने मानली. मूल जेथे राहते तेथेच पाठ शोधावा, हा त्यामागील विचार होता.

रायपूर शहरात हा पाठ सणांमध्येच सापडतो. तेथील चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. अशा वस्तीतील मराठी मुलाला दोन परंपरा जवळून पाहावयास मिळू शकतात. श्रावणात छत्तीसगढी स्त्रिया टोपलीत गहू पेरून ती उन्हापासून दूर ठेवतात, हीच भोजली. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन होते आणि मैत्रिणी परस्परांना भोजली देऊन आजन्म सख्य जोडतात. आश्विनात मराठी घरात घट बसतो व देवघरात धान्य उगवते. दोन्ही ठिकाणची रोपे पुष्कळदा पिवळसर असतात. शेतातला गहू हिरवा, मग हा पिवळा का, असा प्रश्न एखादे मूल विचारते. त्याचे उत्तर तत्काळ देऊ नये.

सारख्याच आकाराच्या दोन वाट्यांत सारखी माती घ्यावी. रात्रभर भिजविलेले गव्हाचे दहा-दहा दाणे मुलांनीच त्यांत पेरावेत. एक वाटी खिडकीत ठेवावी, दुसरी खोक्याखाली झाकावी; पाणी दोन्हींना सारखेच द्यावे. आठवड्याने कागदाच्या पट्टीने रोपे मोजली, तर झाकलेली रोपे अधिक उंच आढळतात. साहजिकच मुले म्हणतात, ‘अंधारात रोप जास्त वाढते.’ त्यांनी पाहिले तेवढ्यावरून हा निष्कर्ष प्रामाणिक आहे. शिक्षकाने तो खोडून काढू नये; वाट्या तशाच आणखी काही दिवस ठेवाव्यात.

पुढे उंच रोपे माना टाकतात. दाण्यात साठविलेले अन्न ही त्यांची शिदोरी होती. प्रकाशाच्या शोधात ती उंच वाढण्यात खर्ची पडली. प्रकाशावाचून पानांत हरितद्रव्य तयार झाले नाही, म्हणून नवे अन्नही तयार झाले नाही. रोपे मरण्यापूर्वी त्यांतील काही उन्हात आणून ठेवली, तर एक-दोन दिवसांत ती हिरवी होऊ लागतात. हा बदल मुलांनी स्वतः पाहिला, म्हणजे प्रकाशाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

‘झाड माती खाते’ असेही मुले म्हणतात. त्यांना हसू नये. शहाण्यासुरत्या माणसांनाही हे कोडे सहज उलगडले नव्हते. व्हान हेल्माँट या वैद्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले व पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती मात्र सुमारे २ औंसच घटली. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून झाड पाण्यापासूनच घडते, असे त्याने मानले. मोजमाप चोख होते, निष्कर्ष अपुरा होता. कारण झाडाच्या घडणीत हवेतील कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा असतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. अंधारातील रोपे कोमेजली की मुलांना वाईट वाटते, आणि प्रेमळ मोठी माणसे रातोरात त्या जागी नवी रोपे लावून ठेवतात. यामुळे मुलाचे डोळे पुसले जातात, पण त्याने पाहिलेले खोटे ठरते. कोमेजलेले रोप त्याला हातात घेऊ द्यावे, मुळाशी उरलेले दाण्याचे पोकळ टरफल दाखवावे, आणि नंतर त्याच्याच हाताने दुसरा दाणा पेरू द्यावा. या वेळी वाटी कोठे ठेवावयाची, हे मूल आपण होऊन सांगेल.