लेंकरें बरोबर असतां लांबचा प्रवास

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे घरोघरीं आजोळीं जाण्याच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वीं हा प्रवास बैलगाडीचा, फार तर आगगाडीचा असे. आतां दोन घरें मिळून एक जीप ठरवितात आणि पांचशें किलोमीटरांचा पल्ला एका दिवसांत गांठूं पाहतात. मोठीं माणसें हा शीण सोसतात. परंतु गाडींत एक तान्हें, एक पांच वर्षांचें व एक दहा वर्षांचें अशीं तीन लेंकरें असलीं, तर तोच दिवस सर्वांस जड जातो. एक रडतें, दुसरें ओकतें, तिसरें भांडण उकरून काढतें. आई चिडते, बाप चालकाच्या मागें लागतो कीं, "अहो, जरा लौकर हाणा." सर्वांत मोठा धोका ह्या शेवटच्या वाक्यांत आहे.

ह्या पाठांत एवढीच गोष्ट पाहावयाची आहे कीं, वाटेंत मूल जें करितें तें बहुधा खोडीनें करीत नाहीं, शरीराच्या सांगण्यावरून करितें. भूक, झोंप, ऊन, मळमळ व लघवी ह्या गोष्टी त्याला आपल्यापेक्षां लौकर गांठतात, आणि त्या सांगावयास त्याच्यापाशीं शब्द थोडे असतात. म्हणून प्रवासाची आंखणी रस्त्याच्या लांबीवरून करूं नये. गाडींतील सर्वांत लहान जीवाकडे पाहून करावी.

उदाहरणादाखल एक खराच रस्ता घेऊं. मुंबई ते नागपूर हा समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. त्यांपैकीं शिर्डी ते नागपूर हा ५२० किलोमीटरांचा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, व इगतपुरीच्या पुढचा शेवटचा भाग जून २०२५ मध्यें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील (पूर्वींचें अहमदनगर) एखाद्या कुटुंबाला नागपुरास जावयाचें असेल तर हाच रस्ता सोयीचा. सपाटीवर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. रस्ता रुंद व सरळ. वाटेंत गांव नाहीं, बाजार नाहीं, आडवी येणारी बैलगाडी नाहीं. परंतु ह्या सोयींतच मुलांची एक गैरसोय दडली आहे. जुन्या रस्त्यावर लेंकरूं "थांबा" म्हणालें कीं पुढच्या लिंबाखालीं गाडी उभी करतां येई. येथें दोन्ही बाजू बंदिस्त आहेत; ठराविक ठिकाणींच आंत शिरतां व बाहेर पडतां येतें, आणि वेगानें धांवणाऱ्या गाड्यांच्या कडेला मुलाला उतरविणें म्हणजे त्याला मृत्यूच्या तोंडाशीं उभें करणें होय. तेव्हां मुलाची गरज त्यानें सांगण्यापूर्वींच ओळखली पाहिजे. थांबण्याची प्रत्येक जागा आली म्हणजे, "लागली आहे का?" असें विचारून भागत नाहीं, कारण खेळांत रमलेलें मूल "नाहीं" म्हणतें आणि पुढें दहा किलोमीटरांवर रडूं लागतें. न विचारतां सर्वांस उतरवावें. दोन तासांहून अधिक वेळ गाडी एकसारखी चालवूं नये. त्यांत चालकाचेंही हित आहे.

केव्हां निघावें? पुष्कळ लोक म्हणतात, रात्रीं निघावें म्हणजे पोरें निजून राहतात. तीं निजतात हें खरें, पण चालकालाही त्याच वेळीं झोंप येते. मध्यरात्रीनंतरचे कांहीं तास मनुष्याचें शरीर झोंपच मागतें, मग तो कितीही संवयीचा चालक असो. सरळ रस्त्यावर ना वळण, ना खड्डा. उघड्या डोळ्यांनीं झोंप लागते म्हणतात ती अशा ठिकाणीं. ह्याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या रात्रीं सिंदखेडराजाजवळ नागपुराहून पुण्याकडे जाणारी एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्यु पावले. रात्रीच्या प्रवासाचा बेत करणाऱ्या प्रत्येक बापानें ही गोष्ट आठवावी. माझ्या मतें पहांटे पांचाचा सुमार उत्तम. मुलें अर्धवट झोंपेंत गाडींत बसतात व पहिले दोन तास शांततेंत जातात. मात्र चालक आदल्या रात्रीं घरीं झोंपला होता किंवा दुसऱ्या भाड्यावर होता, हें विचारण्याची भीड धरूं नये. भाडें ठरवितांना पैशांची घासाघीस आपण तासभर करितों. हा एक प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाहीं.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यांत विदर्भांत पारा ४३–४४ अंशांवर जाणें नवें नाहीं. पुष्कळजण सांवलीची बाजू पाहून मुलांस बसवितात. सकाळीं व सायंकाळीं तें ठीक आहे; पण मेच्या मध्याच्या सुमारास आपल्या भागांत सूर्य दुपारीं जवळजवळ थेट डोक्यावर येतो, तेव्हां गाडीला सांवलीची बाजूच राहत नाहीं. तापलेलें छप्पर सर्वांस सारखेंच भाजतें. म्हणून दुपारचे चार तास प्रवासांतून वगळावे हें बरें. ह्या रस्त्याच्या साधारण मध्यावर मेहकर आहे व तेथून थोड्या अंतरावर लोणार. उल्का पडून काळ्या पाषाणांत झालेलें सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें तें विवर व त्यांतील खारें सरोवर मुलांस काठावरून सकाळींच दाखवावें. जून २०२० मध्यें ह्या सरोवराचें पाणी गुलाबी झालें होतें, ही गोष्ट सांगितली म्हणजे दहा वर्षांचें मूल नागपुरापर्यंत प्रश्न विचारीत राहील. दुपारीं गांवांत सांवलीची जागा पाहून सर्वांनीं आडवें व्हावें, व उन्हें कलल्यावर पुढें निघावें. ज्यांच्या बरोबर तान्हें मूल आहे त्यांनीं तेथेंच मुक्काम करून दुसऱ्या पहांटे निघावें हें अधिक चांगलें. ५२० किलोमीटर एका दिवसांतच संपवावे असा कोणाचा हुकूम नाहीं.

आतां मळमळीविषयीं. हा विषय थोडा सविस्तर समजून घेतला पाहिजे, कारण ह्याच कारणावरून मुलें सर्वांत अधिक बोलणीं खातात. आपल्या कानाच्या अगदीं आंत तीन बारीक वांकड्या नळ्या आहेत व त्यांत द्रव आहे. शरीर हललें कीं तो द्रव हलतो आणि मेंदूस कळतें कीं आपण चाललों आहों. आतां पांच वर्षांचें मूल मागील आसनावर बसलें आहे अशी कल्पना करा. त्याची उंची बेताची, म्हणून बाहेरचें शेत त्याला दिसत नाहीं. समोर दिसते ती पुढच्या आसनाची पाठ, आणि ती स्थिर आहे. कान म्हणतो, "चाललों आहों." डोळा म्हणतो, "बसलों आहों." ह्या दोन साक्षी जुळत नाहींत, व त्या गोंधळांतून मळमळ उत्पन्न होते. दोन वर्षांखालच्या मुलांस हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा ह्या वयांत फार होतो. पुढें बहुतेकांचा कमी होतो. तेव्हां "थोरला कधीं ओकला नाहीं, मग तुलाच काय झालें?" असें म्हणून धाकट्याला लाजविण्यांत अर्थ नाहीं.

उलटी होण्यापूर्वीं शरीर सूचना देतें. बडबडें मूल एकाएकीं गप्प होतें, जांभया देतें, तोंड पांढरें पडतें, कपाळीं गार घाम येतो, तोंडाला पाणी सुटतें. ही खूण ओळखणारी आई अर्धी लढाई जिंकते. कांच उघडून वारा घ्यावा, डोकें टेकवून स्थिर धरावें, व दूरच्या डोंगराकडे किंवा झाडाकडे पाहावयास सांगावें. दूरची वस्तु पाहतांना डोळा व कान ह्यांची साक्ष पुन्हां जुळते. झोंप लागली तर फारच उत्तम. मोबाईल मात्र ह्या वेळीं हातीं देऊं नये. मूल गप्प बसावें म्हणून आपण तें यंत्र देतों, तें मान खालीं घालून हलणारीं चित्रें पाहतें, आणि जी मळमळ आली नसती ती अर्ध्या तासांत येते. मग सगळें गांठोडें धुवावें लागतें. लिंबू हुंगविण्यानें अपाय नाहीं; कांहीं मुलांस बरें वाटतें. औषधाच्या गोळ्या दुकानांतून आणून अंदाजानें देऊं नयेत. प्रवासाच्या मळमळीवर पुष्कळ ठिकाणीं वापरलें जाणारें प्रोमेथाझिन हें औषध दोन वर्षांखालच्या मुलास मुळींच द्यावयाचें नसतें, कारण त्यानें श्वास मंदावून प्राणावर बेततें. मोठ्या मुलासही डॉक्टरांस विचारून, त्यांनीं सांगितलेल्याच मापानें द्यावें.

शिदोरीविषयीं आपल्या आजीबाईंचें शहाणपण अजून खरें आहे. दशमी, कोरडी चटणी, केळें, आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या. ह्यांत पोट बिघडविणारें कांहीं नाहीं. ढाब्यावरचे वडे व कापून ठेवलेलीं फळें टाळावीं. रिकाम्या पोटीं मळमळ वाढते आणि तुडुंब पोटींही वाढते; म्हणून थोडें थोडें द्यावें. शेंगदाणे व फुटाणे पांच वर्षांखालच्या मुलास चालत्या गाडींत देऊं नयेत. एका धक्क्यानें दाणा श्वासनलिकेंत जातो. तान्ह्यास सहा महिने पुरे होईपर्यंत उन्हाळ्यांतही वरचें पाणी लागत नाहीं, आईचें दूध पुरतें. पाणी आईनें भरपूर प्यावें, आणि पाजण्यासाठीं गाडी थांबवावी. उलट्या किंवा जुलाब झाले तर क्षारसंजीवनीची पुडी तीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यांत विरघळवून घोट घोट द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मूल रडतें पण डोळ्यांत पाणी येत नाहीं, सहा तास लघवी झाली नाहीं, किंवा तें मलूल होऊन पडलें, तर नागपूर विसरून जवळच्या दवाखान्यांत जावें. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

बसण्याच्या जागेविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. आपल्याकडे लेंकरास मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसणें ही मायेची खूण समजतात. हिशेब करून पाहा. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबली, तर १० किलोचें मूल सुमारें १४० किलो वजनाच्या जोरानें पुढें फेंकलें जातें. कोणत्या आईचे हात १४० किलो धरून ठेवतील? महामार्गावर तर वेग ह्याच्या दुपटीचा. २०१९ मध्यें मोटार कायद्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें १४ वर्षांखालच्या मुलास पट्टा किंवा मुलांचें बांधीव आसन नसेल तर चालकास १००० रुपये दंड आहे. दंड चुकविण्यासाठीं नव्हे, मुलासाठीं पट्टा लावावा. जीपच्या मागें समोरासमोर आडवीं बांकें असतात व त्यांना पट्टे नसतात. वडापच्या गाडींतून बाजारापर्यंत आपण असेच जातों, आणि तेंही बरें नव्हे, पण एवढ्या वेगाच्या रस्त्यावर मुलांस तेथें कोंबणें हा निव्वळ अविचार आहे. माणसें अधिक असतील तर दोन गाड्या कराव्या, नाहींतर कांहींजणांनीं एस. टी. नें जावें.

आणखी एक. चहासाठीं उतरतांना झोंपलेलें मूल बंद गाडींत ठेवूं नये. पांच मिनिटेंही नको. उन्हांत उभ्या असलेल्या गाडीच्या आंतील उष्णता दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढते, आणि कांच दोन बोटें उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसापेक्षां कितीतरी लौकर तापतें. प्रचारक व शिक्षक बंधूंनीं सुटी लागण्यापूर्वीं ही एक गोष्ट तरी सर्वांस सांगावी.

राहिली करमणूक. त्यासाठीं पैसा लागत नाहीं. थोरल्या मुलाच्या हातीं जिल्ह्यांचा नकाशा द्यावा, पण तो गाडी थांबेल तेव्हां पाहावयाचा. नद्यांची पैज लावावी: शिर्डीहून निघाल्यावर गोदावरी कोण आधीं ओळखतो, आणि अमरावती जिल्हा संपून वर्धा जिल्हा लागतांना जी वर्धा नदी येते ती कोणास आधीं दिसते. पाहणारा खिडकीबाहेर दूर पाहतो, त्यामुळें मळमळही टळते. गांवांच्या नांवांच्या भेंड्या लावाव्या. भांडण जुंपलें तर न्यायनिवाडा करीत बसूं नये. बहुधा त्या दोघांना भूक लागलेली असते किंवा झोंप आलेली असते.

नागपुरास पोंचल्यावर मामा-मावश्या उत्सुकतेनें मुलांस जवळ ओढतात, आणि "नमस्कार कर, गाणें म्हणून दाखीव" म्हणतात. त्या वेळीं आईनें थोडें कठोर व्हावें. आधीं हातपाय धुवून, मऊ भात-वरण घालून लेंकरांस निजवावें. भेटीगांठी सकाळीं होतील. चालकासही त्याच घरीं जेवण व निजावयास जागा द्यावी, आणि त्याला त्याच रात्रीं परत धाडूं नये.