अष्ट शस्त्रदोष आणि आजची सूचिका-निर्मिती

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात शस्त्रांचे आठ दोष वर्णिले आहेत : वक्र, कुंठ, खंड, खरधार, अतिस्थूल, अत्यल्प, अतिदीर्घ व अतिह्रस्व. विद्धकर्मासाठी आज अनेक वैद्य इंजेक्शनची पोकळ सुई वापरतात. ती कारखान्यात घडत असली, तरी तिच्या निर्मितीतील सुधारणा याच दोषांच्या निवारणार्थ आहेत.

प्रथम स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी गुंडाळून तिच्या कडा वेल्डिंगने जोडतात. ही नळी उत्तरोत्तर लहान छिद्रांच्या साच्यांतून ओढली जाते. व्यास अचूक साधल्याने अतिस्थूल व अत्यल्प हे दोष टळतात. २६ गेज सुईचा बाह्य व्यास ०.४५ मि.मी. असून तिच्या बुडाचा रंग तपकिरी असतो. ओढल्याने धातू ताठर होतो. म्हणून मधल्या टप्प्यांत नियंत्रित उष्णता देऊन त्यास पुन्हा मार्दव आणतात. नंतर नळी सरळ करून ठराविक लांबीचे तुकडे केले जातात. वक्र, अतिदीर्घ व अतिह्रस्व या दोषांचे निवारण येथे होते.

सर्वांत नाजूक टप्पा अग्राचा. एक मुख्य उतार व दोन बाजूंचे उतार घासून त्रिपैलू टोक केले जाते. मांसल स्थानी सुश्रुतांनी त्र्यस्र सूची सांगितली आहे, याचे येथे स्मरण होते. घासताना कडेला उरणारी धातूची कूस म्हणजेच खरधार दोष. ती विद्युत्-रासायनिक प्रक्रियेने वा सूक्ष्म कणांच्या झोताने काढतात. पुढे सिलिकॉनचा लेप दिल्याने घर्षण कमी होते. कुंठ व खंड अग्रे सूक्ष्म तपासणीत वगळली जातात. शेवटी वेष्टनबंद सुया इथिलीन ऑक्साइडने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात.

हे सर्व परिश्रम एका वेधापुरतेच आहेत, हे चिकित्सकाने विसरू नये. वापरानंतर सूक्ष्म अग्र वाकू शकते, लेपही झिजतो. उकळल्याने धार परत येत नाही. पोकळीत राहिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी, सी व एच.आय.व्ही. यांचा संसर्ग संभवतो. यास्तव एका रुग्णाची सुई दुसऱ्यास कदापि वापरू नये. त्याच रुग्णात अनेक स्थानी वेध करतानाही प्रत्येक वेधास नवी सुई घ्यावी. वेष्टन अखंड आहे ना व मुदत संपलेली नाही ना, हे आधी पाहावे. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, पारभासी, न भेदल्या जाणाऱ्या डब्यातच टाकावी. निर्दोष शस्त्र हाती आले, तरी ते निर्दोष राखण्याचे दायित्व वैद्याचेच आहे.