किल्लीची मोटार

छापणे म्हटले की आपल्याला पुस्तक आठवते. पण आता वस्तूही छापतात. चाकसुद्धा छापतात! ते कसे?

चकलीचा सोऱ्या आठवा. हे यंत्र तसेच. त्याच्या तोंडातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक धार येते. संगणक सांगेल तसे तोंड फिरते. एका थरावर दुसरा थर बसतो. थर किती जाड? कागदाच्या दोन पानांएवढा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी, विज्ञान आश्रमात, संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा २००२ सालीच सुरू झाली.

चला, आपण मुलांसाठी मोटार करू. सांगाडा, चार चाके आणि दोन दातेरी चाके छापून घेऊ. दाता तुटला तर तेवढेच चाक पुन्हा छापता येते. बाजारची मोटार मोडली की फेकावी लागते.

कमान मात्र छापायची नाही. हे प्लॅस्टिक फार वेळ पिळून ठेवले की ढिले पडते. कमान पोलादाचीच हवी. जुन्या गजराच्या घड्याळातली चालेल. पण ती घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडूनच काढून घ्यावी. गुंडाळलेली कमान एकदम सुटली तर बोट कापते, डोळाही जाईल.

आस म्हणून सायकलची आरी घेऊ. कमानीच्या आसावर ४० दात्यांचे चाक बसवू. मागच्या आसावर १० दात्यांचे. मोठे एकदा फिरले की लहान चारदा फिरते, आणि तेही उलट्या दिशेने. म्हणून किल्ली कोणत्या बाजूला द्यायची ते आधी पाहावे. मोटारीचे चाक ५ सेंटिमीटर व्यासाचे असले, तर एका फेऱ्यात ती सुमारे १६ सेंटिमीटर जाते. किल्लीला ५ वेढे दिले, तर चाकाचे २० फेरे होतील. म्हणजे मोटार तीन मीटरांहून थोडी पुढे जाईल.

कुणी म्हणेल, ८० दाते करा, दुप्पट पळेल! फेरे दुप्पट होतील खरे, पण जोर निम्मा होईल. मोटार जागची हलणारही नाही कदाचित. कमान पदरचे काही घालत नाही हो. आपल्या हाताने पिळताना जे दिले, तेच ती परत देते. त्यातलेही थोडे घासण्यात जाते. म्हणून आसाला शिलाई मशीनचे तेल एक थेंब द्यावे.

छापलेले चाक फरशीवर घसरते. त्याला जुन्या ट्यूबची पट्टी चढवावी.

आणि मोटार उन्हात पत्र्यावर ठेवू नये. छपाईला बहुधा मक्यापासून केलेले प्लॅस्टिक वापरतात. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि चाके वाकडी होतात.