अंगणातील संगीतशाळा

संगीतशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तंबोरा, पेटी, भिंतीवरील थोर गायकांच्या तसबिरी आणि दरमहा भरावयाची फी ह्या गोष्टी उभ्या राहतात. ज्या शाळेची माहिती ह्या लेखात द्यावयाची आहे तेथे ह्यांपैकी काहीही नव्हते. होते ते एक सामाईक अंगण, एक तरुण शिक्षक आणि त्याच्याभोवती जमलेली गरिबाघरची मुले. तथापि, ह्याच अंगणातून जगभर गेलेल्या एका संगीताच्या वाटचालीस मोठा हातभार लागला.

क्यूबाच्या दक्षिणेस कॅरिबियन समुद्रात जमैका नावाचे बेट आहे. येथील उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली गेली. १८३८ साली त्यांची पूर्ण मुक्तता झाली आणि ६ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिशांची सत्ता जाऊन देश स्वतंत्र झाला. परंतु कामधंद्याच्या शोधात खेड्यांतून किंग्स्टन ह्या राजधानीत आलेल्या सामान्य माणसाचे दारिद्र्य एका दिवसात सरणार नव्हते. शहराच्या पश्चिम भागात ट्रेंचटाउन नावाची वस्ती आहे. तेथील सरकारी घरांची रचना आपल्याकडील चाळीची किंवा जुन्या वाड्याची आठवण करून देणारी होती : मधे अंगण, सभोवती खोल्या, स्वयंपाकघर आणि पाण्याचा नळ सर्वांत मिळून. रिकाम्या हातांची तरुण मुले टोळ्या करून हिंडत, चाकू चालवीत आणि तुरुंगाची वाट धरीत. ह्या उनाड पोरांना तेथे ‘रूड बॉय’ म्हणत.

ह्याच वस्तीत जो हिग्ज नावाचा गायक राहत असे. त्याचा जन्म ३ जून १९४० चा. रॉय विल्सन ह्या जोडीदाराबरोबर गाइलेल्या गीतामुळे १९६० च्या सुमारास त्याचे नाव बेटावर गाजले होते. ती ध्वनिमुद्रिका काढणारे एडवर्ड सीगा हे पुढे देशाचे पंतप्रधान झाले, ही गोष्ट लक्षात ठेवा. नाव झाले म्हणून हिग्ज वस्तीपासून दूर झाला नाही. संध्याकाळी तो मुलांना जमवी, त्यांच्याशी बोले आणि गाणे शिकवी. त्याबद्दल एक पैसाही घेत नसे. त्या मुलांत बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंग्स्टन हे तिघे होते. शिक्षक स्वतः विशीतला आणि शिष्य त्याच्याहून चार ते सात वर्षांनीच लहान!

हिग्जच्या शिकवणीत सर्वांत अधिक भर होता तो स्वरमेळावर. आपल्या संगीतात मुख्यतः एकच स्वरावली पुढे जाते. त्या संगीतात मात्र एकाच वेळी एकाने षड्ज, दुसऱ्याने गांधार व तिसऱ्याने पंचम धरावा आणि तिन्ही मिळून एक भरीव ध्वनी उमटावा, अशी रीत आहे. वर्गातील दोन मित्रांसह हा प्रयोग करून पाहा. थोड्याच वेळात तिघेही नकळत एकाच स्वरावर येतील. आपला स्वर सोडावयाचा नाही आणि दुसऱ्याचा दाबावयाचा नाही, ह्यासाठी गळ्याइतकीच कानाचीही तयारी लागते. हिग्जने मुलांकडून ती करून घेतली.

ही मुले आणि त्यांचे आणखी काही सोबती ‘वेलर्स’ ह्या नावाने गाऊ लागली. त्यांचे ‘सिमर डाउन’ हे गीत १९६४ साली बेटावर अतिशय लोकप्रिय झाले. त्या शीर्षकाचा भाव ‘जरा थंड व्हा’ असा आहे. गीत रचले होते तरुण मार्लीने, आणि ते उद्देशून होते टोळीतल्या त्याच मुलांना. मोठ्यांचा उपदेश ज्यांनी कानांआड केला, त्यांना आपल्याच गल्लीतील मुलगा समजावीत होता.

त्या वेळच्या जलद चालीच्या संगीतास ‘स्का’ म्हणत. ते पुढे संथ होत गेले आणि १९६८ च्या सुमारास त्यास ‘रेगे’ हे नाव मिळाले. त्याची लय समजण्यास चार मात्रा मोजा. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक आघात येतो. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यात पहिली मात्रा ढोल मोकळी सोडतो आणि तिसरीवर थाप देतो. समेवर जोर ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानास हे प्रथम चुकल्यासारखे वाटते. पण थोडा वेळ ऐकले की मान आपोआप डोलू लागते. २०१८ साली युनेस्कोने रेगेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

गाण्याने टोळ्या मिटल्या काय? नाही. सत्तरीच्या दशकात राजकीय पक्षांच्या पाठबळाने त्या अधिकच हिंस्र झाल्या. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टन येथे शांततेसाठी मोठी संगीतसभा भरली. पीटर टॉशने मंचावरून सत्ताधाऱ्यांना कठोर शब्दांत सुनावले. मार्लीने पंतप्रधान मायकेल मॅन्ले आणि विरोधी नेते सीगा (हिग्जची ध्वनिमुद्रिका काढणारे तेच) ह्यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकत्र धरले. असे असूनही १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी शेकडो माणसे मारली गेली. तेव्हा गीताने समाज बदलतो, असे सरसकट विधान करणे खरे ठरणार नाही. मात्र त्या अंगणात बसलेल्या काही मुलांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले, एवढे निश्चित.

आणि गुरूचे काय झाले? १९७३ साली वेलर्सच्या अमेरिकेच्या दौऱ्यावर जाण्यास बनीने नकार दिला, तेव्हा त्याची जागा भरून काढण्यास हिग्ज गेला. शिष्याच्या जागी उभे राहण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. १८ डिसेंबर १९९९ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. मार्लीचे नाव आज जगाच्या कानाकोपऱ्यांत माहीत आहे. हिग्जचे फार थोड्यांना. आपल्या गावातही संध्याकाळी ओट्यावर बसून मुलांना तबला, भजन किंवा गणित फुकट शिकविणारे कोणी असेल. त्यांचे नाव आपणांस ठाऊक आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे. आणि नसेल तर उद्या जाऊन विचारावे.